नवी चाल बसवताना

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत बागेच्या कोपऱ्यात किंवा समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर एक खोली असते आणि तिच्या दारावर ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ अशी पाटी असते. आत चार-पाच वर्तमानपत्रं, कॅरम, भिंतीवरचा टीव्ही, ओळीने लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि महिन्याचे वाढदिवस लिहिलेला फळा. खोली आहे हे चांगलंच. पूर्वी गावात पाराला पर्याय नव्हता आणि बायकांच्या वाट्याला तर पारही नव्हता. पण पाटीवरचा शब्द जरा थांबून वाचण्यासारखा आहे. विरंगुळा म्हणजे कामातून घटकाभर सुटका, शिणलेल्या जिवाला उसंत. ज्याच्या दिवसात काम आहे त्याला विरंगुळ्याची गोडी. ज्याच्या दिवसातून कामच निघून गेलं, त्याला वर आणखी विरंगुळा देणं म्हणजे रिकाम्या पानात नुसतंच लोणचं वाढणं. म्हातारपण आणि कला यांच्या नात्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. ते सगळं एकमुखी नाही, पण त्यातला भरवशाचा भाग वाचल्यावर मला एक गोष्ट पटते: वय झालेल्या माणसाला कलेतून जे मिळतं, ते मन रमल्यामुळे थोडंसं मिळतं आणि मन कामाला जुंपल्यामुळे पुष्कळ मिळतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस इथल्या शाखेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात आहे. तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. साठ ते नव्वद वयाच्या २२१ लोकांचे त्यांनी गट पाडले. एका गटाला डिजिटल फोटोग्राफी शिकवली, म्हणजे कॅमेरा चालवण्यापासून संगणकावर फोटो सुधारण्यापर्यंत सगळं. दुसऱ्याला तुकडे जोडून रजई शिवायला शिकवलं, तिसऱ्याला दोन्ही. आठवड्याला पंधरा तास, तीन महिने, आणि दर टप्प्याला काम अवघड होत जाणारं. खरी गंमत तुलनेसाठी ठेवलेल्या गटांत आहे. एक गट त्याच केंद्रात तितकाच वेळ जमायचा, पण सहली, खेळ, स्वयंपाक, जुन्या आठवणी यांसाठी. नवं काही शिकायचं नाही, एवढाच नियम. आणखी एक गट घरबसल्या शास्त्रीय संगीत ऐकायचा, माहितीपट पाहायचा, शब्दकोडी सोडवायचा. आपल्या विरंगुळा केंद्राचं आणि निवृत्त माणसाच्या दुपारचं याहून हुबेहूब चित्र काढता आलं नसतं. तीन महिन्यांनी स्मृतीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा फोटोग्राफी शिकलेले आणि दोन्ही शिकलेले यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची ताकद वाढलेली दिसली. सहली-गप्पांच्या गटात तशी वाढ नव्हती, कोडी सोडवणाऱ्यांतही नव्हती. नुसती रजई शिवणाऱ्यांचा फायदा फोटोवाल्यांइतका ठळक नव्हता, हेही सांगायला हवं. कदाचित कॅमेरा आणि संगणक हे त्या वयाच्या लोकांना सुई-दोऱ्यापेक्षा जास्त अनोळखी असतील. तसं असेल तर मुद्दा आणखीच पक्का होतो, कारण कामी येतो तो शिकण्यातला ताण.

गाण्याच्या बाबतीत नाव घेतलं जातं ते अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जीन कोहेन यांच्या अभ्यासाचं. २००६च्या या अभ्यासात वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणचे सुमारे ३०० लोक होते, सरासरी वय ऐंशीच्या घरात. निम्म्या लोकांना व्यावसायिक कलावंतांनी चालवलेल्या वर्गांत घेतलं. वॉशिंग्टनमध्ये ते समूहगान होतं, दर आठवड्याला तालीम आणि अधूनमधून जाहीर कार्यक्रम. वर्षभराने गाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा, औषधं आणि पडण्याचे प्रसंग न गाणाऱ्यांपेक्षा कमी भरले. ही बातमी जगभर फिरली आणि ‘गा आणि निरोगी राहा’ छापाचे मथळे तिच्यावर बेतले गेले. पण त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. गाण्याला आपणहून येणारा म्हातारा न येणाऱ्यापेक्षा मुळातच जरा खमका असू शकतो. ही उणीव भरून काढणारा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत ज्युलीन जॉन्सन यांनी केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८मध्ये आले. बारा ज्येष्ठ नागरिक केंद्रं, ३९० लोक, वय साठ आणि वर. कोणत्या केंद्रात गाणं आधी सुरू करायचं आणि कोणत्या केंद्राने सहा महिने थांबायचं, हे दैवावर सोडलं होतं. सहा महिन्यांनी गाणाऱ्यांना एकटेपण कमी जाणवत होतं आणि जगण्यातला रस जास्त होता. स्मरणशक्ती मात्र वाढली नव्हती, पायांतलं बळही वाढलं नव्हतं. मला हा दुसरा निकाल पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. तो कमी बोलतो, पण जे बोलतो त्यावर विसंबता येतं. इंग्लंडमध्ये साठीपुढच्या २५८ लोकांवर झालेल्या प्रयोगातही चौदा आठवड्यांच्या समूहगानानंतर चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली होती. तिथे गट पाडताना नशिबाचाच कौल घेतला होता.

गाण्यात असं काय आहे, हे समजायला सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जायची गरज नाही. एखादं भजनी मंडळ वर्षानुवर्षं म्हटलेला अभंग नव्या चालीत बसवायला घेतं, तेव्हा काय होतं ते जवळून पाहावं. शब्द सगळ्यांना पाठ आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. शब्द ओठांवर आले की गळा जुन्या वळणाला जातो. त्याला तिथे आवरून नव्या वळणावर न्यायचं म्हणजे सवयीला लगाम घालायचा, आणि उतारवयात मेंदूला जड जाणाऱ्या कामांत सवयीला लगाम घालणं बरंच वर येतं. पूर्वी सम ज्या अक्षरावर यायची, ती आता दोन अक्षरं पुढे सरकलेली असते. हातातल्या टाळाला ठेका सांभाळायचा असतो, गळ्याला सूर, कानाला शेजारणीचा आवाज, आणि डोळे बुवांच्या हाताकडे, कारण ध्रुपद कधी उचलायचं ते तिथून कळतं. जुन्या चालीत श्वास कुठे घ्यायचा हे शरीराला ठाऊक होतं. नव्या चालीत ओळ अर्ध्यात असताना दम संपतो आणि तो कुठे चोरून घ्यायचा हे नव्याने ठरवावं लागतं. पहिल्या दिवशी कुणीतरी हमखास एक मात्रा आधी उठतं, सगळे हसतात, पखवाज थांबतो, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या-पाचव्या तालमीला चाल बसते. आणि एकादशीला कार्यक्रम ठरलेला असतो, त्यामुळे पेटीवाल्या काकू आल्या नाहीत की अख्खी तालीम अडते. निवृत्तीनंतर ‘मी गेलो नाही तर काहीतरी अडेल’ ही भावना दुर्मीळ होत जाते. इथे ती आठवड्यातून एकदा तरी परत मिळते. टीव्हीसमोरची खुर्ची रिकामी राहिली तर कुणाचंच काही अडत नाही.

आता तेच मंडळ तेच पंधरा अभंग त्याच चालीत वीस वर्षं म्हणत असेल तर? श्रद्धेला त्यात काही उणं नाही आणि सोबतही मिळतेच. पण पार्क यांच्या प्रयोगाच्या उजेडात पाहिलं तर त्यातला शिकण्याचा भाग कधीच आटलेला असतो. म्हणून ‘आमच्याकडे हे सगळं पूर्वीपासून आहे’ असं म्हणून छाती फुगवणाऱ्यांशी मी निम्माच सहमत आहे. भजन, मंगळागौरीचे खेळ, रांगोळी, भरतकाम, हार्मोनियमचे वर्ग ही साधनं आपल्याकडे खरोखरच मुबलक आहेत. पण ती सवयीने चालतात की शिकण्याने, यावर बरंच काही अवलंबून आहे. पन्नाशी-साठीच्या बायकांचे मंगळागौरीचे गट आज श्रावणात बोलावणी घेऊन घरोघर कार्यक्रम करतात. त्यासाठी महिना-दीड महिना आधी फुगड्यांचे आणि झिम्म्याचे नवे प्रकार बसवतात, नेसण्यापासून गाण्यांच्या क्रमापर्यंत वाद घालतात. त्यांना कुणी ज्येष्ठांचा उपक्रम म्हणत नाही, पण माझ्या लेखी तो त्यातला उत्तम नमुना आहे. (गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी बसफुगडी टाळावी, हे वेगळं सांगायला नको.)

या सगळ्यावर पहिला आणि सगळ्यात भक्कम आक्षेप असा की कार्यकारण उलटं लावलं जातंय. माणूस चित्रं काढतो म्हणून त्याची बुद्धी शाबूत राहते, की बुद्धी शाबूत आहे म्हणून तो चित्रं काढू शकतो? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पंच्याऐंशीच्या पुढच्या २५६ लोकांचा चारेक वर्षं मागोवा घेतला आणि २०१५मध्ये सांगितलं की चित्र, शिल्प वगैरे करणाऱ्यांत सौम्य बौद्धिक घसरणीचा धोका ७३ टक्क्यांनी कमी होता. आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणूनच तो जपून घ्यावा. कारण २०२०मध्ये ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासाने अगदी वेगळं चित्र दाखवलं. तिथे ८,२८० जणांची नोंद त्यांच्या पन्नाशीपासून, अठरा वर्षं ठेवली होती. मध्यमवयात छंद भरपूर असणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश कमी झाला, असं आढळलं नाही. उलट ज्यांचे छंद वाढत्या वयात सुटत गेले, त्यांना तो जास्त झाला. म्हणजे पेटी बंद पडते, विणकामाच्या सुया कपाटात जातात, ती अनेकदा आजाराची पहिली चाहूल असते, आणि आपण तिलाच आजाराचं कारण समजतो. तेव्हा ‘चित्र काढा, अल्झायमर टाळा’ असं कुणी सांगत असेल तर त्याने पुराव्यापेक्षा पुढे उडी मारली आहे. परंतु हा आक्षेप मनाच्या आरोग्याच्या दाव्याला त्याच जोराने लागू पडत नाही. सॅन फ्रान्सिस्को आणि इंग्लंडच्या प्रयोगांत कुणाला आधी गायला मिळणार हे गाणाऱ्यांनी ठरवलेलं नव्हतं, तरीही त्यांचं मन हलकं झालं. आजार टळतो का, याचं उत्तर अजून धूसर आहे. आज, या महिन्यात, माणूस बरा जगतो का, याचं उत्तर त्यामानाने स्पष्ट आहे, आणि ऐंशीव्या वर्षी हा दुसरा प्रश्न काही दुय्यम नसतो.

दुसरा आक्षेप जरा चतुर आहे: हे सगळं श्रेय सोबतीचं आहे, कला हे निमित्त. चार माणसं जमली की बरं वाटणारच, मग ती गावोत की भेळ खावोत. यात तथ्य आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या गायनवर्गांची तुलना हस्तकलेच्या आणि सर्जनशील लेखनाच्या वर्गांशी केली आणि २०१५मध्ये निष्कर्ष मांडला की सात महिन्यांनी सगळेच वर्ग सारखेच घट्ट बांधले गेले होते. फरक वेगाचा होता. गाणारे पहिल्या महिन्यातच जवळ आले, बाकीच्यांना वेळ लागला. आपापसात पुरेसं बोलणं होण्याआधीच एकत्र श्वास घेणं सुरू होतं, ही गाण्याची मोठी सोय आहे, आणि साठीनंतर नव्या ओळखी करायला बिचकणाऱ्या माणसाला तीच हवी असते. म्हणजे सोबत आणि कला अशी फाळणी करण्यात फारसा अर्थ नाही. कला ही सोबतीची जात ठरवते. गप्पांच्या कट्ट्यावर साधारण तेच तीन जण बोलतात, उरलेले ऐकतात, आणि विषय फिरून सून, साखर आणि सरकार यांवर येतो. तालमीत मात्र प्रत्येकाच्या हाती काहीतरी दिलेलं असतं. शिवाय नुसती सोबत पुरेशी असती, तर पार्क यांच्या सहली-गप्पांच्या गटाची स्मृतीही सुधारली असती.

तिसऱ्या आक्षेपाला उत्तर देणं सगळ्यात अवघड आहे, कारण तो शास्त्राचा नाही, परिस्थितीचा आहे. छंद ही पेन्शनरांची चैन आहे, असं तो म्हणतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं ९.९ टक्के होती, म्हणजे एक कोटीहून जास्त, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना ना पेन्शन ना प्रॉव्हिडंट फंड. केंद्र सरकारचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये, वर राज्याची भर. २०१७–१८मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या तिघांतला एक जण तरी अजून पोटासाठी काम करताना आढळला. शेतावर जाणाऱ्या सत्तरीच्या बाईला जलरंगाचा वर्ग सुचवणं हास्यास्पद आहे, हे कबूल. जगभरचे बहुतेक अभ्यासही सुस्थितीतल्या देशांचे आहेत. पासष्टीपुढच्या ९३,००० लोकांवर सोळा देशांत झालेलं छंदांविषयीचं एक विश्लेषण २०२३मध्ये आलं. त्यात छंद असणारे जास्त समाधानी निघाले, पण त्या सोळांत भारत नव्हता.

तरीही या आक्षेपात एक गृहीत लपलं आहे, ते मला मान्य नाही. कला म्हणजे रंगपेटी, कॅनव्हास आणि मोकळी दुपार, हे ते गृहीत. सर्जनाला आपल्याकडे फार काळ वेगळी वेळ मिळालीच नव्हती, ते कामाच्या पोटातच राहत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्या रचणाऱ्या बाया सुखवस्तू नव्हत्या आणि त्यांना कुणी कवयित्री म्हटलं नाही. पीठ पडत होतं आणि ओवी जुळत होती. पिठाची गिरणी आली, खांद्यांचे हाल वाचले, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण ओवीची जागा गेली आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

गोधडीची गोष्टही अशीच. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, चारी कडा टाचून घ्यायच्या, मग काठाकडून मधल्या चौकोनाकडे धावदोऱ्याच्या ओळी घालत जायचं. एका हाताखाली तीन-चार पदर असतात, खालचा पदर सरकला की चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय निघत नाहीत. कोपऱ्यावर ओळ काटकोनात वळवताना आधीच्या ओळीपासूनचं अंतर डोळ्यांनीच मापायचं. कुठल्या लुगड्याचा काठ वर दिसला पाहिजे, नातवंडाच्या झबल्याचं ठिगळ कुठे लावायचं, याचे निर्णय शेवटच्या टाक्यापर्यंत चालू असतात. ही वस्तू कुणाच्या तरी अंगावर जाणार आहे. म्हणून मला वाटतं, हातावर पोट असलेल्या वृद्धांसाठी ‘उपक्रम’ आखायचाच असेल, तर वर्गापेक्षा विकत घेणारं गिऱ्हाईक आणून देणं जास्त उपयोगाचं. गोधडीला योग्य दाम मिळाला तर तिच्यातलं सर्जन कमी होत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण त्यांच्याबाबत ‘नवं शिका’ हे सांगणं क्रूरपणाचं होईल. इथे अमेरिकेतल्या अ‍ॅन बॅस्टिंग यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस काढलेली वाट विचार करण्यासारखी आहे. विस्मरण झालेल्या माणसांना त्या एखादं गमतीदार चित्र दाखवत आणि विचारत, इथे काय चाललंय? या माणसाचं नाव काय ठेवूया? हा कुठे निघालाय? जे उत्तर येईल ते लिहून घ्यायचं आणि सगळ्यांची उत्तरं जोडून गोष्ट करायची. कुठलंही उत्तर चुकीचं नाही. याच्या शेजारी आपलं घरातलं वागणं ठेवून पाहा. विस्मरण होऊ लागलेल्या आजीला भेटायला आलेला प्रत्येक जण तिची तोंडी परीक्षा घेतो: ‘आजी, ओळखलंस का मला? सांग बरं मी कोण?’ ती कसनुसं हसते, पदर सारखा करते, कुणाच्या तरी तोंडाकडे पाहते. प्रेमाने विचारलेला प्रश्न तिला दिवसातून पाच वेळा नापास करतो. आठवणीची मागणी केली की ती हरते, कल्पनेला वाव दिला की तिच्याकडे अजून द्यायला काहीतरी असतं. मेलबर्नमधल्या वृद्धाश्रमांत ३१८ रहिवाशांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही एक अनपेक्षित गोष्ट दिसली. स्मृतिभ्रंश आणि नैराश्य दोन्ही असलेल्या या लोकांत साध्या समूहगानाने नैराश्याची लक्षणं कमी झाली, संगीतोपचारतज्ज्ञांच्या गटसत्रांनी तसा फरक पडला नाही. एकाच प्रयोगावरून उपचारतज्ज्ञांना मोडीत काढू नये. पण ‘रुग्ण’ म्हणून बसवण्यात आणि ‘गायक’ म्हणून उभं करण्यात काही फरक पडत असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आणखी एक अडसर अभ्यासांत फारसा मोजला जात नाही, पण मराठी घरांत तो पावलोपावली भेटतो. ‘या वयात काय हसं करून घ्यायचं!’ शाळेत चित्रकलेच्या तासाला एकदा कान पिळला गेला की माणूस पुढची साठ वर्षं ‘मला चित्र येत नाही’ म्हणत राहतो. यावर काही केंद्रांनी काढलेला तोडगा म्हणजे लहान मुलांची रंगवायची पुस्तकं आणि टाळ्या वाजवून ‘छान छान’ म्हणणारे स्वयंसेवक. मला तो अपमानास्पद वाटतो. ज्याने चाळीस वर्षं लेथ चालवली किंवा हजार माणसांचा स्वयंपाक निभावला, त्याला खोटी शाबासकी लगेच ओळखू येते. त्याला चुकायची मुभा हवी, पण चूक दाखवणारा गुरूही हवा.

हा गुरू फुकट मिळत नाही, आणि गाडी बहुधा तिथेच अडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रांत गायनदिग्दर्शक आणि साथीदार हे व्यावसायिक होते, तालमी आठवड्याच्या आठवड्याला होत आणि शेवटी लोकांसमोर गायचं असे. आपल्या विरंगुळा केंद्राला खुर्च्या मिळतात, टीव्ही मिळतो, उद्घाटनाला नगरसेवक मिळतो, कारण या गोष्टी एकदा खरेदी करून मोकळं होता येतं. पेटी शिकवणाऱ्याचं मानधन मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. ते देण्याची तयारी झाली, तर बाकी सामान फार लागत नाही: एक पेटी, टाळांचे चार जोड, नव्या चालीची वही आणि भिंतीवरच्या फळ्यावर, वाढदिवसांच्या यादीशेजारी, कार्यक्रमाची तारीख.